मोहाचा एकच ढीग

घरी मला गुड्डी म्हणतात. नागपूरच्या प्रयोगशाळेत मनाली म्हणतात, आणि माझी पाठ वळली की तिखट मनाली म्हणतात, हे मला ठाऊक आहे. पीएच.डी.चा विषय साखर आणि जीभ ही अशी, यावरचे सगळे विनोद लोकांनी करून झाले आहेत. नवा सुचला असेल तर जवळच ठेवा.

विषय घाबरण्यासारखा नाही. झाडाच्या पानात साखर तयार होते, पण पानात ठेवून उपयोग काय? मुळांना खायला लागते, फुलाफळांना लागते. म्हणून झाड ग्लुकोज आणि फ्रुक्टोज अशा दोन लहान साखरा एकमेकींना बांधतं आणि त्यांचं सुक्रोज करून प्रवासाला पाठवतं. सुट्या असल्या तर या दोघी वाटेत भेटेल त्याच्याशी लागतात. एकमेकींचे हात धरले की गुमान मुक्कामाला पोचतात. हे हात बांधून देणारी जी एन्झाइम्स आहेत, त्यांचं घराणं जमिनीवरच्या पहिल्या झाडाहूनही जुनं आहे. आमच्या गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, जे निळं-हिरवं शेवाळ तरंगतं, त्याच्याकडेही या घराण्यातली मंडळी सापडतात. पुढे झाडांमध्ये या जनुकांच्या प्रती निघत गेल्या. एकीच्या दोन, दोनाच्या चार. काही प्रती जुनंच काम करत राहिल्या, काहींनी नवं काम उचललं, आणि कितीतरी बिघडून जागच्या जागी मेल्या. कोणती प्रत कुठे जगली आणि कशी बदलली, एवढंच मी शोधत होते.

त्यासाठी मी मोह निवडला, कारण फुलात इतकी साखर भरणारं दुसरं झाड मला माहीत नव्हतं. आणि करडीला, आमच्या गावी, शेताच्या धुऱ्यावर म्हणजे बांधावर दोन मोह आहेत. एक गुळ्या, एक पान्या. नावं मी ठेवलेली नाहीत, आजोबांच्याही आधीची आहेत. गुळ्याचं फूल तोंडात टाकलं की जीभ लगेच ओळखते. पान्याचं फूल पाणचट. शेजारी शेजारी उभी दोन झाडं, एक गोड आणि एक फिकं. माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे?

दोन्ही झाडांची पानं मी स्वतः तोडून नेली, जनुकं वाचली. आता हवी होती फुलं. पण पडलेली नाही. फूल गळून पडलं की त्याच्यातला कारखाना बंद पडलेला असतो. मला चालू कारखाना हवा होता, म्हणजे झाडावरची कळी. मार्चमध्ये माझ्या मागे तास आणि परीक्षेच्या ड्यूट्या, रोज करडीला येणं शक्य नव्हतं. म्हणून मी गोदावरीकाकूला काम लावून दिलं. ही इश्वरकाकांची बायको. मोहाच्या दिवसांत ती उजाडायच्या आधीपासून झाडाखालीच असते. मी तिला टिकवण-द्रव भरलेल्या डब्या दिल्या आणि दोनदा समजावलं, निळ्या झाकणात गुळ्याची कळी, हिरव्या झाकणात पान्याची. काकूने मान डोलावली, आकडीने फांदी वाकवून कळ्या तोडल्या, दोन हंगाम डब्या भरून दिल्या. एक डबी सांडली नाही की फुटली नाही.

निकाल आला. दोन्ही झाडं सारखी. नुसती सारखी नाहीत, अगदी तंतोतंत. साखर तेवढीच, एन्झाइम्सचं काम तेवढंच.

माझ्या मार्गदर्शक सरिता मॅडम चष्मा काढून म्हणाल्या, "मनाली, जुळ्या बहिणीसुद्धा इतक्या सारख्या नसतात." पण आकडे आकडे असतात. मी प्रकरण लिहून काढलं. जनुकं वेगळी असली तरी काम सारखं, आणि गोड-फिकं हा निव्वळ गावाचा समज, असा ठोकून निष्कर्ष काढला. गावाचा समज खोडून काढताना मला बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू.

जूनमध्ये फेलोशिप संपत होती. प्रबंध बांधायला देण्याआधी झाडांचे फोटो काढावे म्हणून मी त्या मार्चला घरी गेले. सकाळी अंगणात उभी राहून दात घासत होते, तेवढ्यात काकू धुऱ्यावरून आली. मी सांगितलं नव्हतं तरी सवयीने यंदाही तिने कळ्या आणल्या होत्या. पदरातल्या कळ्या तिने ताटात ओतल्या, हाताने नीट कालवल्या आणि उरलेल्या रिकाम्या डब्या भरायला बसली. एक निळी, एक हिरवी, एक निळी, एक हिरवी.

"काकू! हे काय करून राहिली?"

"तुयं काम करून राहिली."

"निळ्यात गुळ्या अन् हिरव्यात पान्या, असं सांगितलं होतं ना तुले?"

"हाव. मंग? निळ्यातही गुळ्या हाये, हिरव्यातही हाये. दोघाईत दोन्ही झाडं बराबर टाकले. कोनालेच कमी नाई केलं."

मी अशी ओरडले की बोडीवरचे बगळे उडाले. काकू घाबरली नाही, उलट रागावली. "चिल्लावून कायले राहिली? या घरी मोह वेगळा ठेवत नाईत, तुले मालूम नाई का?"

मला मालूम होतं. तेच तर दुःख होतं. लहानपणापासून पाहिलेली गोष्ट, पण ती माझ्या डब्यांपर्यंत पोचेल हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलं नाही.

गोष्ट अशी. आजोबा गेल्यावर शेताचे हिस्से झाले. बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मोजून घेतल्या, पण झाडं मोजून कशी घेणार? धुऱ्याच्या या अंगाला गुळ्या, तो माझ्या बाबांकडे आला. त्या अंगाला पान्या, तो इश्वरकाकांकडे गेला. बाबांना अख्खं गाव भैयाजी म्हणतं, माणूस शांत. काका धाकटे, नाकावर राग. माझा स्वभाव कुणावर गेला हे विचारायची गरज नाही. त्या पहिल्याच मोहाला दोन्ही जावांची झाडाखाली जुंपली. "आमच्या नशिबी पानी आलं," असं काकू बोलून गेली. काकांनी ते ऐकलं, घरून कुऱ्हाड आणली आणि स्वतःच्याच पान्यावर घाव घातला. असलं झाड ठेवून काय करू, म्हणाले. लोकांनी धरलं म्हणून एकाच घावावर निभावलं. तो वण अजून खोडावर आहे, कडा फुगून आत वळलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी गुळ्याची भरलेली टोपली नेली आणि काकांच्या अंगणात, पान्याच्या फुलांवर ओतली. तेव्हापासून एकच ढीग. दोन्ही झाडांची फुलं एकत्र वाळतात, मग टोपलीने अर्धी अर्धी होतात. गोड कुणाचं, फिकं कुणाचं, हा विषय त्या दिवशी संपला.

पण संपला म्हणजे तोंडावरून संपला. वाटणी काकाच करत, आणि बाबांची टोपली शीग लावून, वर ढीग चढेपर्यंत भरत. स्वतःची मात्र तळहाताने पुसून सपाट करत. वर बाबांची टोपली स्वतःच्या डोक्यावर घेऊन आमच्या दारात पोचवत. बाबा दर वर्षी म्हणत, "असू दे ना, इश्वर." काका दर वर्षी म्हणत, "नाई भाऊ, तुमचं तुमाले." भावाच्या गोड झाडावर आपण जगतो आहोत, हे त्या माणसाच्या मानेत बसलं होतं. ढीग करताना बाबांची मान ताठ आणि काकांची वाकलेली. मी लहान होते तेव्हा मला वाटायचं की काकांची मान तशीच आहे.

तर माझ्या दोन वर्षांच्या डब्यांत हा सलोखा भरला होता.

तसाच प्रबंध दिला असता तर कुणाला कळलं नसतं. डब्यांना तोंड नव्हतं. पण खोटं बोलायला जी शांतता लागते ती माझ्याकडे नाही. मी तिथूनच मॅडमना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, जराशा हसल्या, मग गंभीर झाल्या. "ते प्रकरण गेलं. याच हंगामात वेगळ्या कळ्या मिळाल्या तर कसंबसं जमेल. नाहीतर फेलोशिपशिवाय एक वर्ष काढायची तयारी ठेव." आणि दुसरी झाडं घेता येत नव्हती, कारण जनुकं या दोघांचीच वाचलेली होती.

रात्रीच्या जेवणाची वाट न बघता मी दुपारीच विषय काढला. बाबांनी सरळ नाही म्हटलं. मला आयुष्यात फार कमी वेळा त्यांनी नाही म्हटलं आहे.

"वेगळं तोडशीन, वेगळं मोजशीन, मंग कोनता गोड थे लिहून ठेवशीन. बेटा, झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"बाबा, माही फेलोशिप, माही डिग्री..."

"तुयी डिग्री एक साल मांगं जाईन. माहा भाऊ मांगं गेला तं वापस नाई येनार."

मी तडक उठले. पाय आपटत बोडीपर्यंत गेले, शेवाळाकडे पाहत बसले. रडलेही. तुमच्या घराण्याचा हा पसारा माझ्याच मागे का लावलात, असं काहीतरी शेवाळालाच बोलले असेन.

काका मागून आले. काकूने सांगितलं असणार. ते माझ्याशेजारी बसले, धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं.

"तोड," ते म्हणाले. "वेगळं तोड. मी सिडी धरतो. पन एक शबूद दे. जो निकाल लागन, थो या घरात आनायचा नाई. मले सांगायचा नाई, भाऊलेही नाई. पान्या फिका हाये हे मले मालूम हाये. पन कागदावर लिहून आलेलं आयकाची ताकद नाई माह्यात."

मी शब्द दिला. द्यायला काही लागलं नाही, तेव्हा मला फक्त कळ्या दिसत होत्या.

पुढचे दिवस मी करडीलाच राहिले. उजाडताना शिडी लागायची. काकांनीच हो म्हटल्यावर बाबांना अडवायला कारण उरलं नाही; गुळ्यापाशी ते शिडी धरायचे. पान्यापाशी काका. वरून मी कळ्या तोडून डबीत टाकत होते आणि खालून काका प्रश्न विचारत होते.

"इतकी साखर झाड कोनासाठी बनवते वो?"

"चामगादडासाठी," मी म्हटलं. वटवाघळाला आमच्याकडे चामगादड म्हणतात. "थे रात्री येऊन फुलं खाते, अन् याचे परागकण तिकडं नेते."

"म्हनजे आमी चामगादडाचं उष्टं खातो."

"हाव."

ते हसले. मग मी त्यांना प्रतींचं सांगितलं. एका जनुकाची जास्तीची प्रत निघते, घरचं काम पहिली सांभाळते, म्हणून दुसरीला चुका करायला सवड मिळते. चुकता चुकता एखादी नवं शिकते. बहुतेक मरतात.

"मरते तिचा दोष काय?"

"दोष नाही काका. तिच्यावाचून काही अडत नाही, म्हणून ती बिघडली तरी कोणाला पत्ता लागत नाही."

डबीचं झाकण लावून मी वाकून पाहिलं. काकांनी एका हाताने शिडी धरली होती आणि दुसरा हात खोडावरच्या त्या वणावर होता. पान्या आणि आपण म्हणजेच ती जास्तीची प्रत, असं ते धरत होते हे मला कळलं, आणि मला माझ्या जिभेचा राग आला. शास्त्र सांगताना समोर माणूस आहे हे मी विसरते.

मे महिन्यात निकाल आला. मी तो तीनदा तपासला, मॅडमनी चौथ्यांदा.

पान्याच्या कळीत साखर जास्त होती. थोडीथोडकी नाही, चांगली जास्त. सुक्रोजच्या एका जनुकाची जास्तीची प्रत गुळ्यात मेलेली निघाली आणि पान्यात जिवंत, कळीत जोमाने काम करणारी. मग पान्या फिका का लागतो? कारण बांधलेली साखर तोडणारं जे दुसरं एन्झाइम असतं, ते पान्यात मंद चालतं. त्याची साखर हात बांधलेलीच राहते. गुळ्या थोडी साखर बनवतो, पण ती सगळी तोडून सुटी करतो, आणि सुटं फ्रुक्टोज जिभेला जास्त गोड लागतं. गुळ्या बोलका होता, एवढंच. माल पान्याकडे होता.

मॅडम म्हणाल्या, "याहून सुंदर प्रकरण तुला मिळालं नसतं." मला आनंद झाला, अगदी नाचावं असा झाला. बसमध्ये बसल्यावर मात्र मी घरचा हिशोब मांडला. इतकी वर्षं आमच्या घरात ढिगातून जी अर्धी टोपली येत होती, तीत जास्त साखर काकांच्या झाडाची होती. आणि वर शीग लावून, डोक्यावर घेऊन, मान खाली घालून काकाच ती पोचवत होते. देणारा वाकलेला आणि घेणारा ताठ. आणि मी शब्द देऊन बसलेली.

प्रबंधात मी झाडांची नावं लिहिली नाहीत. झाड पहिलं, झाड दुसरं. डिग्री मिळाली, गावात पेढे वाटले, काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. पोळ्याला गेले, दिवाळीला गेले, दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेला गेले. दर वेळी शब्द दातांपर्यंत आला आणि दर वेळी मी गिळला. तिखट मनाली गप्प आहे म्हणून आईने मला आजारी ठरवलं. एकदा बाबांना एकट्याला गाठून सांगावं असंही मनात आलं. पण शब्द दोघांबद्दल होता, आणि काकांना न सांगता बाबांना सांगणं म्हणजे ढीग पुन्हा वेगळा करणं.

पुढचा मोह आला. फुलं वेचून झाली, वाळली, काकांच्या अंगणात तांबूस ढीग लागला. बाबा खाटेवर बसले होते, काकू आणि आई सूप घेऊन कचरा पाखडत होत्या. काकांनी टोपली उचलली.

"काका, या साली मी मोजते," मी म्हटलं.

"डाक्टरीन झाली तं मोजाले लागली," काका म्हणाले आणि टोपली माझ्या हातात दिली.

पहिली टोपली बाबांची. मी ती भरली, तळहाताने पुसली, सपाट केली आणि त्यांच्यापुढे ठेवली. मग काकांची टोपली घेतली. ती भरली, आणखी भरली, ओंजळीने फुलं चढवत गेले, शीग लागली, कडेने ओघळायला लागली तरी थांबले नाही.

"गुड्डे, चुकली तू," काका म्हणाले. "शीग तुया बापाची."

"नाई चुकली."

काका माझ्याकडे बघत राहिले. मी डोळे खाली घेतले नाहीत, माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी नाही.

"तू शबूद देला होता मले," ते हळूच म्हणाले.

"मी काय बोलली?"

काकांनी टोपलीकडे पाहिलं. मग मान वळवून धुऱ्याकडे पाहिलं, जिथे दोन्ही झाडं नव्या तांबड्या पालवीत उभी होती. बाबा खाटेवरून उठले होते. शांत माणूस, पण हिशोबाला हळू नाही. त्यांचा चेहरा उतरला.

"इश्वर," ते म्हणाले, "म्हनजे इतके दिवस माह्या घरात..."

"चूप भाऊ!" काका असे ओरडले की मला माझाच आवाज ऐकू आला. "निकाल घरात आनायचा नाई, असं ठरलं हाये."

ते ढिगापाशी खाली बसले. स्वतःच्या टोपलीवर तळहात ठेवला आणि ती शीग हलकेच लोटून परत ढिगात पाडली. मग बाबांच्या टोपलीशेजारी आपली टोपली आणून ठेवली, दोन्हींवरून एकदाच हात फिरवून पाहिला. दोन्ही सपाट. पुढच्या सगळ्या टोपल्या त्यांनीच मोजल्या, एकीलाही शीग लावली नाही, ना त्यांच्या, ना आमच्या.

मोजणं संपल्यावर काका आपली टोपली पोचवतील म्हणून बाबा सवयीने अंगणाच्या दारात उभे राहिले. काकांनी स्वतःची टोपली डोक्यावर घेतली आणि मान सरळ केली. मी त्यांना इतकं उंच कधी पाहिलं नव्हतं.

"भाऊ," ते म्हणाले, "तुमची टोपली आता तुमी उचला."

बाबांनी ती उचलली.